व्यायाम सांगताना रस्त्याचाही विचार व्हावा

प्रमेह व स्थौल्य यांच्या चिकित्सेत व्यायामाचे महत्त्व निर्विवाद आहे. सुश्रुताचार्यांनी प्रमेही रुग्णास शंभर योजने चालण्याचा उपदेश केला आहे. आज आपल्यापैकी अनेक वैद्य त्याच हेतूने सायकल सुचवितात. गुडघ्यांवर देहभार कमी पडत असल्याने स्थूल रुग्णांस ती सोयीचीही ठरते. परंतु ही सायकल कोणत्या रस्त्यावर चालणार, हा प्रश्नही चिकित्सकाचाच आहे, असे आम्हांस वाटते.

एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्यात महापालिकेने २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखड्यास मंजुरी दिली. तथापि आखलेल्या सायकलमार्गांवर अनेकदा वाहने उभी असतात आणि सायकलस्वारास मुख्य वाहतुकीत उतरावे लागते. तेथे बळ विषम असते. वाहनाचा वेग ताशी ३० ऐवजी ६० किलोमीटर झाला, तर आघाताची ऊर्जा दुप्पट नव्हे, चौपट होते. मोटारचालकाभोवती पोलादाचे कवच असते. सायकलस्वारास केवळ स्वतःच्या अस्थींचा आधार. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात रस्ते अपघातांत वर्षाला सुमारे ११ लाख ९० हजार मृत्यू होतात. त्यांतील निम्म्याहून अधिक पादचारी, सायकलस्वार व दुचाकीस्वार असतात. म्हणून अधिक सावधगिरीचा भार अधिक वेगवान वाहनाच्या चालकावर असणे न्याय्य आहे.

सायकलस्वाराचीही कर्तव्ये आहेतच. उलट दिशेने जाऊ नये, अंधारात दिवा लावावा, कानांत ध्वनियंत्र घालू नये. अर्धशक्ती व्यायामाचा नियम येथे दुहेरी उपयोगी आहे: उड्डाणपुलाच्या चढावर दमलेला नवखा स्वार डगमगतो, आणि मागून वाहन येत असते. आरंभी सपाट, कमी वर्दळीचा रस्ता व प्रातःकाळ सुचवावा.

औषधालयाच्या चालकांस आमची विनंती अशी की, दुकानासमोरील सायकलमार्ग ग्राहकांच्या वाहनांपासून मोकळा ठेवावा. औषधे पोहोचविणाऱ्या दुचाकीस्वारांस घाईची सक्ती नसावी. मोटारीतून उतरताना चालकाने उजवे दार डाव्या हाताने उघडावे; त्यामुळे देह वळतो व मागून येणारा सायकलस्वार दिसतो.

व्याधीचे कारण टाळणे ही चिकित्सेची पहिली पायरी, हे आपण रुग्णांस नित्य सांगतो. अपघातासही निदानपरिवर्जनाचा हाच न्याय लागू आहे. चिकित्सापत्रावर ‘सायकल’ लिहिताना रुग्णाच्या मार्गाची चौकशी करावी, आणि स्वतः वाहन हाकताना तोच रुग्ण पुढे चालला आहे असे मानावे.