गाडीचे पासिंग आणि गाडीतील फेरफार

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात आपल्या सभासदांपैकी अनेकांचा संसार गाडीच्या चाकावर चालतो. कोणी रिक्षा चालवतो, कोणी टेम्पो, कोणी शाळेची मुले ने-आण करतो. घरातील मुलगा नोकरीला लागला की पहिल्या वर्षात मोटारसायकल येते. अशा प्रत्येक घराचा कधी ना कधी परिवहन कार्यालयाशी संबंध येतो. ठाण्याच्या गाडीवर एमएच ०४ असते, तर कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरकडील गाडीवर एमएच ०५. या कार्यालयातील एका कामाला आपण 'पासिंग' म्हणतो. ते काम म्हणजे एक कटकट, एक खाडा आणि थोडा खर्च, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पासिंग कशासाठी असते आणि गाडीत मनाप्रमाणे बदल केल्याने काय होते, हे सभासदांना व विद्यार्थ्यांना सोप्या शब्दांत सांगावे, एवढाच आमचा हेतू आहे.

पासिंग म्हणजे काय?

मोटार वाहन कायदा १९८८ सालचा असून तो १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्याच्या ५६ व्या कलमात भाड्याने प्रवासी किंवा माल नेणाऱ्या वाहनासाठी योग्यता प्रमाणपत्र सक्तीचे केले आहे. हे प्रमाणपत्र नसेल तर त्या वाहनाची नोंदणीच वैध मानली जात नाही. आरसी बुक घरात आहे, कर भरलेला आहे, पण पासिंगची मुदत संपली आहे, अशी रिक्षा कायद्याच्या नजरेत नोंदणी नसलेल्या रिक्षेसारखी होते. बऱ्याच चालकांना हे ठाऊक नसते.

नव्या वाहनाला पहिले प्रमाणपत्र दोन वर्षांचे मिळते. वाहन आठ वर्षांचे होईपर्यंत ते दोन-दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी नवे करून घ्यावे लागते. यामागचे कारण साधे आहे. दिवसभर आणि काही ठिकाणी दोन पाळ्यांत धावणारी गाडी घरच्या गाडीपेक्षा कितीतरी लवकर झिजते, आणि तिच्यात बसणारा प्रवासी तिची तपासणी करून बसत नाही. स्टँडवर जी रिक्षा पुढे असेल तिच्यात तो बसतो. त्याच्या वतीने कोणीतरी आधीच पाहून ठेवलेले असावे, म्हणून पासिंग असते.

मोटार वाहन निरीक्षक ब्रेक, स्टीअरिंग, टायर, दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, आरसे, रात्री चमकणाऱ्या पट्ट्या पाहतो आणि चेसिसचा नंबर कागदाशी जुळवतो. यात ब्रेकची परीक्षा सर्वांत महत्त्वाची. ती कार्यालयासमोरच्या गर्दीच्या रस्त्यावर होऊ शकत नाही. म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने एका जनहित याचिकेत २५० मीटर लांबीच्या चाचणी मार्गाचा आग्रह धरला आणि २०१७ साली असा मार्ग नसलेल्या कार्यालयांना प्रमाणपत्रे देण्यास मनाई केली. त्या वेळी अनेक चालकांना लांब जावे लागले, खाडे झाले. त्रास खरा होता, पण न्यायालयाचा मुद्दाही खरा होता. ब्रेक न दाबता दिलेले ब्रेकचे प्रमाणपत्र कोणाच्या उपयोगाचे?

शाळेत शिकलेले गणित येथे कामी येते. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला लागणारे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते, म्हणजे चालकाचा पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंतच एवढे अंतर कापले जाते. घोडबंदर रस्त्यावर गायमुखच्या उतारावर, पावसात, गुळगुळीत टायरवर हे अंतर आणखी वाढते.

चौथी सीट

आपल्या भागात शेअर रिक्षात चालकाच्या बाजूला चौथा प्रवासी बसवण्याची प्रथा जुनी आहे. त्यासाठी काही जण पुढची सीट रुंद करून घेतात. गॅरेजमध्ये हे काम चटकन होते, म्हणून तो काही मोठा बदल आहे असे कोणाला वाटत नाही. पण रिक्षेला पुढे एकच चाक असते आणि चालक बरोबर मध्ये बसेल असे धरूनच ती बनवलेली असते. पुढचे एक आणि मागची दोन चाके मिळून जमिनीवर त्रिकोण होतो. वजन या त्रिकोणाच्या आत असेपर्यंत गाडी स्थिर राहते. त्रिकोण पुढे निमुळता होत जातो, आणि चौथा प्रवासी नेमका तेथेच, कडेला, त्रिकोणाच्या बाहेर बसतो. वळणावर रिक्षा कलते ती यामुळे. शिवाय चालक एका अंगाला सरकतो, त्याचे कोपर अडते आणि हँडल पूर्ण फिरत नाही.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा प्रवाशासाठी माणशी २०० रुपये दंड आहे. पण दंडापेक्षा मोठी गोष्ट अशी की त्या चौथ्या जागेवर बहुधा कामावर जाण्याची घाई असलेला आपल्यातलाच माणूस बसलेला असतो. शाळेच्या रिक्षांत मुलांसाठी आडवी फळी टाकतात, तिलाही हेच लागू आहे. शाळेच्या बसगाड्यांसाठी राज्याने २०११ साली वेगळे नियम केले असून प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी आणि तिच्यात पालकांचा प्रतिनिधी असावा असे त्यांत आहे. आपल्या मुलांच्या गाडीचे पासिंग कधी संपते, हे त्या समितीत विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

बदल करण्याबाबत कायदा काय म्हणतो?

कलम ५२ नुसार कारखान्याने ठरवलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल वाहनात करता येत नाही. सन २००० मधील दुरुस्तीने हे कलम कडक झाले. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. त्याच वर्षी झालेल्या कायद्याच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही शिक्षांची तरतूद झाली.

याचा अर्थ कोणताच बदल चालत नाही असा नाही. परवानगी घेऊन इंजिन बदलता येते, रंग बदलून त्याची नोंद करता येते, मंजूर सीएनजी किट बसवता येते. अपंग व्यक्तीला चालवता यावी म्हणून गाडीत आवश्यक तो बदल करण्याची सोयही कायद्यात आहे, आणि आपल्या सभासदांनी तिचा लाभ जरूर घ्यावा. फरक एवढाच की असा बदल तपासलेला असतो आणि आरसी बुकात त्याची नोंद होते.

सीएनजीचे उदाहरण घ्या. टाकीत वायू सुमारे २०० बार दाबाने भरलेला असतो, म्हणजे हवेच्या दाबाच्या जवळपास २०० पट. म्हणून टाकीची दर तीन वर्षांनी चाचणी सक्तीची आहे. मंजूर नसलेले किट किंवा मुदत संपलेली टाकी घेऊन फिरणे म्हणजे मागच्या सीटवरच्या कुटुंबाला धोक्याजवळ बसवणे होय.

तरुणांची हौस

मोटारसायकलचा मूळ सायलेन्सर काढून फटाक्यासारखा आवाज करणारा बसवायचा, कर्कश हॉर्न लावायचा, नंबर प्लेटवर ४१४१ हा आकडा 'दादा' असा दिसेल अशा वळणाने लिहायचा, हे आपल्या वस्त्यांत रोज दिसते. तरुण वयात हौस असणारच, तिला आमचा विरोध नाही. पण सायलेन्सरच्या आवाजाने रात्री दचकून उठणारे तान्हे बाळ आणि हृदयविकाराचा रुग्ण याच वस्तीत राहतात. आवाज व धूर यांच्या मर्यादा मोडल्यास पहिल्या गुन्ह्यालाही १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो आणि लायसन्स तीन महिने जाऊ शकते. ज्या तरुणाला पुढे बॅज काढून चालक व्हायचे आहे, त्याने याचा विचार करावा.

मोटारीच्या काचांना काळी फिल्म लावण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली मनाई केली. पुढे लोखंडी गार्ड बसवू नये असे केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवले. अशा गार्डमुळे धडकेच्या वेळी गाडीतील एअर बॅग नीट काम करीत नाही आणि पायी चालणाऱ्याला जास्त इजा होते. जादा उजेडाच्या दिव्याने चालवणाऱ्याला छान दिसते, पण समोरच्याचे डोळे दिपतात. गाडीत केलेल्या बऱ्याचशा बदलांचा फायदा आत बसलेल्याला होतो आणि धोका बाहेरच्याला पोहोचतो.

घरच्या गाडीचे काय?

येथे एक उणीव सांगितली पाहिजे. ब्रिटनमध्ये १९६० पासून खाजगी मोटारींची नियमित तपासणी होते. जपानमध्ये नव्या मोटारीची पहिली तपासणी तीन वर्षांनी आणि नंतर दर दोन वर्षांनी होते. आपल्याकडे खाजगी गाडीची नोंदणी एकदम पंधरा वर्षांची असते आणि मधल्या काळात पीयूसी सोडल्यास सक्तीची तपासणी नाही. पीयूसी धूर मोजते, ब्रेक नाही. म्हणजे तपासणीचा भार पडतो तो रिक्षा-टेम्पोवाल्यावर, आणि मोटारसायकलवाला पंधरा वर्षे स्वतःच स्वतःचा निरीक्षक असतो.

चालकांची बाजूही समजून घेतली पाहिजे. पासिंगला उशीर झाल्यास दिवसाला ५० रुपये जादा आकारण्याचा नियम केंद्राने २०१६ च्या अखेरीस केला. महाराष्ट्रात २०२४ साली वसुली सुरू झाली तेव्हा रिक्षाचालकांनी विरोध केला आणि त्याच वर्षी राज्य शासनाने तिला स्थगिती दिली. आजारपणात सहा महिने गाडी उभी राहिलेल्या चालकाला ही रक्कम ९,००० रुपये झाली असती. हा राग योग्य होता. मात्र तो आकारणीवर असावा, तपासणीवर नसावा. गाडी न नेताच प्रमाणपत्र मिळवून देतो म्हणणाऱ्या दलालाकडे वळणे हा त्यावरचा उपाय नव्हे. अपघात झाल्यावर विमा कंपनी प्रमाणपत्र आणि गाडीतील बदल दोन्ही तपासते. जखमीला द्यावी लागलेली भरपाई मालकाकडून वसूल करण्याची वेळ आली तर आयुष्यभराची कमाई जाते, आणि गाडीचे हप्ते तर चालूच राहतात.

आपण काय करू शकतो?

पासिंग, विमा, पीयूसी आणि सीएनजी टाकीची चाचणी या चार तारखा एका कागदावर लिहून घरात भिंतीवर लावाव्यात. पासिंगच्या महिनाभर आधी ब्रेक लायनर, टायर आणि दिवे पाहून घ्यावेत, म्हणजे ऐन वेळी खाडा होत नाही. आरसी बुकात नोंद नसलेला बदल गाडीत असेल तर तो आधी काढावा. शिकलेल्या मुलामुलींनी वडिलांची किंवा शेजाऱ्यांची ऑनलाइन वेळ स्वतः घेऊन द्यावी, म्हणजे दलालाची गरज राहणार नाही. घरच्या मोटारसायकलचे ब्रेक आणि टायर पावसाळ्यापूर्वी एकदा मिस्त्रीला दाखवावेत.

गाडी ही आपली असली तरी रस्ता सर्वांचा आहे. हा लेख वाचून एका घरानेही आपल्या गाडीच्या चार तारखा भिंतीवर लावल्या, तर लेख लिहिल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.