घटक ४ : चाळीतील लोकजीवन आणि भाषा – गिरणगावाचा अभ्यास

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला पुढील गोष्टी करता येतील.
• शहरी वस्तीतील दैनंदिन व्यवहार आणि भाषा यांचा संबंध स्पष्ट करणे.
• एकाच वस्तीत नांदणाऱ्या बोलींची वैशिष्ट्ये उदाहरणांसह सांगणे.
• संबोधने, सर्वनामे व सूचनाफलक यांतून व्यक्त होणारी सामाजिक नाती ओळखणे.
• कार्यालयीन मराठी आणि वस्तीची मराठी यांतील अंतर व त्याचे परिणाम विशद करणे.

४.१ प्रस्तावना

विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो, मागील घटकात आपण प्रमाणभाषा आणि बोली या संकल्पनांचा परिचय करून घेतला. बोली म्हटली की आपल्या मनात बहुधा खेडे उभे राहते. शहरात मात्र सरमिसळ झालेली, कोणाचीच नसलेली भाषा असते, असा समज रूढ आहे. हा समज कितपत खरा आहे, हे पाहण्यासाठी या घटकात आपण मुंबईच्या गिरणगावाची निवड केली आहे. आपण स्वतः नाशिकच्या जुन्या वाड्यात, सोलापूरच्या विणकर वस्तीत किंवा पिंपरी-चिंचवडच्या कामगार वसाहतीत राहत असाल, तर येथील प्रत्येक मुद्दा आपल्या वस्तीशी ताडून पाहावा.

४.२ वस्ती कशी घडली?

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईतील पहिली कापडगिरणी स्थापन केली आणि १८५६ मध्ये ताडदेव येथे तिचे उत्पादन सुरू झाले. पुढील काही दशकांत भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, शिवडी, नायगाव, वरळी या भागांत गिरण्यांची धुराडी उभी राहिली. कामगार आले ते प्रामुख्याने कोकणातून आणि सातारा, कोल्हापूर, पुणे या घाटावरील जिल्ह्यांतून. तेलुगू भाषक पद्मशाली विणकर आणि उत्तर भारतातून आलेले मुस्लिम विणकरही याच परिसरात स्थिरावले.

या माणसांना सामावून घेतले ते चाळींनी. लांब सज्जा, त्यावर ओळीने उघडणारी खोल्यांची दारे, टोकाला सामाईक नळ व संडास, ही चाळीची सर्वसाधारण रचना. १९२० च्या दशकात सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथे बांधलेल्या बीडीडी चाळी तळमजला अधिक तीन मजल्यांच्या होत्या. तेथे एका कुटुंबाच्या वाट्याला साधारण १६० चौरस फुटांची खोली येई. एकाच गावातील पुरुषांनी मिळून खोली घ्यायची, पाळीपाळीने झोपायचे आणि खानावळीत जेवायचे, अशी गावकरी मंडळांची पद्धतही येथे होती.

ही रचना भाषेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. खोली इतकी लहान की दिवसाचा बराच काळ सज्जात, जिन्यात आणि नळावर जाई. त्यामुळे वेगवेगळ्या गावांची माणसे एकमेकांशी सतत बोलत राहिली. परस्परांशी नियमित संवाद असणाऱ्या आणि भाषावापराचे संकेत वाटून घेणाऱ्या अशा समूहाला भाषाविज्ञानात ‘भाषिक समुदाय’ म्हणतात. अशा समुदायातील सर्वांची बोली एकच असावी लागत नाही. कोणी कोणाशी कसे बोलावे, याची समान जाण पुरेशी असते.

४.३ बोलींचा शेजार

सज्जात कान देऊन उभे राहिल्यास काय ऐकू येईल? मालवणकडील माणूस ‘कुठे’ऐवजी ‘खंय’, ‘का’ऐवजी ‘कित्याक’ आणि ‘आलोय’ऐवजी ‘इलंय’ म्हणेल. साताऱ्याकडील शेजारी ‘हाय’, ‘न्हाई’, ‘पानी’ म्हणेल. कोल्हापूरकडील अनेक स्त्रिया स्वतःविषयी बोलताना ‘मी जातो’, ‘मी आलो’ अशी रूपे योजतात. मुंबईत वाढलेल्या मुलीला ती पुरुषी वाटतात.

यांपैकी एकही रूप ‘चूक’ नाही. ‘पाणी’चे ‘पानी’ करणारा वक्ता ‘कोण’चे ‘कोन’ आणि ‘आणि’चे ‘आनि’ करतो. त्याच्या बोलीच्या ध्वनिव्यवस्थेत ‘ण’ला स्वतंत्र स्थान नाही, आणि हा नियम तो सातत्याने पाळतो. जेथे सातत्य आहे तेथे व्याकरण आहे. घोटाळा होतो तो निराळ्या ठिकाणी. असा वक्ता मुलाखतीला जातो किंवा अर्ज लिहितो, तेव्हा ‘न’ म्हणजे अशुद्ध अशी धास्ती त्याच्या मनात असते आणि तो ‘मन’ऐवजीही ‘मण’ म्हणून बसतो. या प्रकाराला ‘अतिशुद्धीकरण’ म्हणतात. त्याचे मूळ अज्ञानात नसून आपल्या बोलीविषयी मनात भरवल्या गेलेल्या संकोचात असते.

गिरणीने या बोलींना काही समान शब्द दिले. खाते, साचा, पाळी, भोंगा, मुकादम, जॉबर हे शब्द कोकणी आणि घाटी दोघांच्याही तोंडी बसले. ‘बदली’ हा शब्द पाहा. सरकारी नोकराच्या घरात बदली म्हणजे दुसऱ्या गावी जाणे. गिरणी कामगाराच्या घरात ‘बदली’ म्हणजे कायम कामगार गैरहजर असेल तर त्याच्या जागी काम मिळावे, म्हणून रोज गिरणीच्या दारात उभा राहणारा माणूस. शब्द एकच, पण एका घरात तो स्थैर्याची खूण, दुसऱ्या घरात अनिश्चिततेची.

४.४ संबोधने : नाते आणि दर्जा

चाळीत कोणी कोणाला नुसत्या नावाने हाक मारीत नाही. काका, काकू, मावशी, अण्णा, अक्का, वहिनी ही नातेवाचक संबोधने रक्ताच्या नात्याबाहेर सर्रास वापरली जातात. विवाहित स्त्री ‘सुनीलची आई’ होते, म्हणजे तिची ओळख अपत्याच्या नावाने होते. कोणी ‘कणकवलीवाले’, कोणी ‘बावीस नंबरवाल्या काकू’. अशा प्रकारे गाव, खोली आणि अपत्य हे तीन पत्ते माणसाच्या नावाची जागा घेतात.

येथे केवळ शब्द पाहून थांबू नये. त्यासोबत येणारे सर्वनाम आणि क्रियापदही पाहावे. शेजारची मुलगी ‘मावशी, तू जेवलीस का?’ असे विचारते, तेव्हा ‘तू’मध्ये जवळीक असते. घरकामाला येणाऱ्या वयस्क स्त्रीलाही ‘मावशी, तू उद्या लवकर ये’ असे म्हटले जाते. मात्र ती समोरच्या तरुणीला ‘ताई, तुम्ही’ म्हणते. पहिल्या उदाहरणात ‘तू’ नात्यातून येते. दुसऱ्यात मात्र दोन्ही बाजूंची सर्वनामे समान नाहीत. नातेवाचक शब्द आपुलकी सांगतो, सर्वनाम दर्जा सांगते, आणि दोहोंत विसंगती असेल तर सहसा सर्वनामच खरे बोलत असते.

४.५ सूचनाफलक : ‘आम्ही’ आणि ‘आपण’

चाळीच्या जिन्याजवळ बहुधा एक काळा फळा असतो. वर्गणी, महापूजा, पाणीकपात, कॅरम स्पर्धा, निधन अशी सर्व वार्ता त्यावर खडूने लिहिली जाते. गिरगावातील केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव होतो. लालबागच्या बाजारातील मंडळाचा उत्सव १९३४ चा. अशा उत्सवांबरोबर समिती, ठराव, हिशेब, आभार यांची लेखी मराठीही चाळीत रुजली. अनेक कामगारांचा लेखी सार्वजनिक भाषेशी पहिला परिचय या फळ्यांवरच झाला.

पुढील दोन वाक्यांची तुलना करा.
(अ) आमच्या मंडळातर्फे शनिवारी महाप्रसाद आहे. सर्वांनी यावे.
(आ) आपल्या चाळीत शनिवारी महाप्रसाद आहे. सर्वांनी यावे.

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन सर्वनामे आहेत. ‘आम्ही’ ऐकणाऱ्याला वगळते, ‘आपण’ त्याला सामावून घेते. (अ)मध्ये वाचणारा पाहुणा आहे, तर (आ)मध्ये तो यजमानांपैकी एक. हिंदीतील ‘हम’ किंवा इंग्रजीतील ‘वी’ हा भेद एका शब्दात दाखवू शकत नाहीत. म्हणून वस्तीतील फलक वाचताना ‘आपल्या’ हा शब्द कोठे येतो आणि कोठे नाहीसा होतो, याकडे लक्ष द्यावे. ‘आपल्या चाळीत’ असे लिहिणारी समिती वर्गणी थकल्यावर ‘सर्व भाडेकरूंना सूचित करण्यात येते की’ अशी सुरुवात करते. ‘शेजारी’चा ‘भाडेकरू’ होतो आणि वाक्य कर्मणी होते.

४.६ वस्ती बदलते तेव्हा

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतरच्या काळात बहुतेक गिरण्या बंद पडल्या. त्यांच्या जागांवर मॉल, कार्यालये आणि उंच इमारती आल्या. चाळींचाही पुनर्विकास होऊ लागला. बीडीडी चाळींतील रहिवाशांसाठी १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांच्या घराची योजना आहे. स्वतंत्र न्हाणीघर व संडास ही सोय लहान नव्हे. सज्जा जाण्याचा खेद करताना, नळासाठी पहाटे उठणाऱ्या स्त्रीचे कष्ट विसरता कामा नयेत.

भाषेच्या अभ्यासकाला मात्र या संक्रमणात एक गंभीर प्रश्न दिसतो. पुनर्विकासाच्या सभेत पात्र, अपात्र, संमतिपत्र, चटईक्षेत्र, संक्रमण शिबिर, करारनामा हे शब्द येतात. सज्जात तासभर वाद घालणारी माणसे येथे गप्प बसतात. कारण त्यांच्या घराचा निर्णय ज्या भाषेत होत आहे, ती मराठी असूनही त्यांची नाही. नमुन्यादाखल पुढील वाक्य पाहा :

‘विहित मुदतीत आवश्यक कागदपत्रे सादर न केल्यास सदर भाडेकरूस अपात्र ठरविण्यात येईल.’

याचे वस्तीच्या भाषेतील रूप असे होईल : ‘सांगितलेल्या तारखेच्या आत कागद दिले नाहीत, तर तुमचं नाव यादीतून जाईल.’ अर्थ समजला. तरी एक गोष्ट दोन्ही वाक्यांत सापडत नाही. नाव काढणार कोण? ‘ठरविण्यात येईल’ या रचनेत कर्ता लोपलेला आहे. कर्ता नसेल तर दाद मागायची कोणाकडे, हेही कळत नाही. म्हणून अशा वाक्याचे विवरण करताना तीन प्रश्न विचारावेत : कर्ता कोण? मुदत नेमकी कोणती? निर्णय मान्य नसल्यास अर्ज कोठे करायचा? व्याकरणातील प्रयोगविचार आपण परीक्षेपुरता शिकतो; येथे त्यावर एखाद्या कुटुंबाचे छप्पर अवलंबून असू शकते.

आपल्यापैकी अनेकांना शेजारी कागद वाचून दाखवण्यासाठी बोलावत असतील. नोकरी, संसार सांभाळून शिकणाऱ्या आपल्यासारख्या विद्यार्थ्याला दोन्ही मराठी येतात : फळ्यावरची आणि करारनाम्यातली. एकीतून दुसरीत अर्थ नेण्याचे हे काम भाषिक कौशल्याचे आहे. ते करताना आपल्या बोलीचा संकोच बाळगण्याचे कारण नाही, कारण समजावून सांगणे त्या बोलीतच शक्य होते.

४.७ सारांश

गिरणगावातील चाळींनी कोकण, घाट आणि अन्य प्रांतांतील माणसांना एका भाषिक समुदायात आणले. तेथील बोली नियमबद्ध आहेत. नातेवाचक संबोधने जवळीक दाखवतात, तर सर्वनामे दर्जाही उघड करतात. ‘आम्ही’ व ‘आपण’ यांच्या निवडीतून वस्तीतील समावेश आणि वगळणूक कळते. वस्ती बदलताना कार्यालयीन मराठीचे महत्त्व वाढते. ती ज्यांना अपरिचित आहे, त्यांचे नुकसान होऊ शकते.

४.८ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘अतिशुद्धीकरण’ म्हणजे काय, ते आपल्या परिसरातील एका उदाहरणाने स्पष्ट करा.
२. ‘नातेवाचक संबोधन जवळीक सांगते, सर्वनाम दर्जा सांगते.’ चर्चा करा.
३. उपक्रम : आपल्या वस्तीतील पाच सूचनाफलक उतरवून घ्या. त्यांतील ‘आम्ही’, ‘आपण’ आणि कर्ता लोपलेली वाक्ये अधोरेखित करा. त्यांपैकी एक सूचना शेजारच्या आजींना समजेल अशा भाषेत पुन्हा लिहा, ती त्यांना वाचून दाखवा आणि त्यांनी विचारलेले प्रश्न नोंदवा.