वारं येऊन गेलं, धोका गेला नाही

कापूस वेचताना हात अचानक लुळा पडतो, तोंड वाकडं होतं, जीभ अडखळते. दहा मिनिटांत सगळं पूर्ववत. "वारं येऊन गेलं," म्हणत बाई पुन्हा कामाला लागते. आमच्या घनसावंगी तालुक्यात, जांब समर्थसारख्या गावात, मजुरी बुडू नये म्हणून दवाखाना असाच टळतो.

डॉक्टर याला 'टीआयए' किंवा छोटा झटका म्हणतात. मेंदूचा रक्तपुरवठा थोडा वेळ अडतो. मानेच्या रक्तवाहिनीत साचलेल्या चरबीवरची गुठळी सुटते, किंवा अनियमित ठोके पडणाऱ्या हृदयातून गुठळी मेंदूत जाते. उच्च रक्तदाब आणि मधुमेहाने मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्याही अरुंद होतात. तंबाखू, बिडी त्यात भर घालतात. गुठळी विरघळली तर टीआयए, अडकून राहिली तर लकवा. कारणं तीच आहेत.

उपचार न झाल्यास अशा दहा जणांपैकी साधारण एकाला तीन महिन्यांत लकवा होतो. त्यातल्या जवळपास निम्म्यांना तो पहिल्या दोन दिवसांतच गाठतो. म्हणून हात बरा झाला तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

त्रास सुरू असेल तर 108 ला फोन करा आणि तो सुरू झाल्याची वेळ लक्षात ठेवा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. रुग्णाला खाऊ-पिऊ घालू नका. स्कॅनआधी स्वतःहून ॲस्पिरिन देऊ नका.

बरं वाटतं म्हणून रक्तदाबाची गोळी सोडू नका. तिशीनंतर रक्तदाब आणि साखर सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासतात. आयाबहिणींनो, एक मजुरी बुडाली तरी चालेल, पण कमावता हात जाऊ देऊ नका.