किल्ली एकाच्याच हाती नसावी

वऱ्हाडात सावडीची रीत जुनी आहे : आज तुमच्या शेतात, उद्या माझ्या. संगणकाच्या मुक्त आज्ञावलीही अशाच सहकार्यातून घडतात. अमरावती-अकोल्याच्या खेड्यापाड्यांतील मोबाईलमधील अँड्रॉइडचा गाभा असलेली लिनक्स ही त्यांपैकीच होय.

यांतील पुष्कळ आज्ञावलींचा भार मात्र एकाच स्वयंसेवकावर असतो. लिनक्स संगणकांवर वापरली जाणारी ‘एक्सझेड’ अशीच एका थकलेल्या हातावर उभी होती. मदतीस आलेल्या अनोळखी व्यक्तीने दोनेक वर्षांत विश्वास संपादन केला आणि २०२४ मध्ये तीत घातक भाग दडविला. तो वेळीच उघडकीस आला, म्हणून अनर्थ टळला.

यावर उपाय आहे. ‘डेबियन’ प्रकल्प आपला प्रमुख दरवर्षी मतदानाने निवडतो. ‘पायथन’च्या जनकाने २०१८ मध्ये अंतिम निर्णयाचा अधिकार सोडला, २०१९ पासून पाच जणांची निर्वाचित समिती तो सांभाळते.

गावची पाणीपुरवठा समिती असो वा ग्रंथालय, प्रत्येक कामाला दुसरा जाणकार तयार असावा, पद्धत लिहून ठेवावी, पाळी ठरावी आणि नव्याचे काम जुन्याने तपासावे. सेवाभाव टिकतो तो भार वाटून घेतल्यानेच.