अब्बांची पद्मिनी आणि एक ‘टक्’

गेल्या ईदच्या सकाळी अब्बा नवा कुर्ता घालून, अत्तर लावून पद्मिनीत बसले. आम्ही किल्ली फिरवली. इंजिन फिरण्याऐवजी फक्त ‘टक्’ असा आवाज झाला. शेवटी ईदगाहला रिक्षाने जावे लागले. वाटेत अब्बा एक शब्दही बोलले नाहीत. दुपारी शीरखुर्मा घेताना धाकटे भाऊ म्हणाले, “आता भंगारात द्या ती गाडी.” अब्बांनी वाटी खाली ठेवली.

कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट म्हणून तयार होणारी ही गाडी पुढे ‘पद्मिनी’ झाली. आमच्या बहिणीची रुखसती याच गाडीतून झाली होती.

एका गॅरेजवाल्याने बॉनेट न उघडताच “बॅटरी आणि स्टार्टर दोन्ही बदला” असे सांगितले. वर्गात आम्ही मुलांना सांगतो, उत्तर लिहिण्याआधी प्रश्न नीट वाचा. तेच इथे करायचे ठरवले आणि मोहल्ल्यातल्या ऑटो इलेक्ट्रिशियन उस्तादांना घरी बोलावले.

उस्तादांनी गाडी न्यूट्रल करून हँडब्रेक ओढला, हेडलाइट लावले आणि किल्ली फिरवायला सांगितली. दिवे फार मंद झाले, तर बॅटरी उतरलेली, टर्मिनल गंजलेले किंवा स्टार्टर आतून जाम झालेला असतो. आमचे दिवे तसेच लख्ख राहिले. बॅटरीने १२.६ व्होल्ट दाखवले, म्हणजे ती भरलेली होती. किल्ली फिरवलेली असताना मीटरची एक तार सोलेनॉइडकडून मोटरीत जाणाऱ्या टर्मिनलला आणि दुसरी स्टार्टरच्या अंगाला लावली. तिथेही जवळपास बारा व्होल्ट! वीज पोहोचत होती, अर्थिंगही ठीक होते, तरी मोटर हलत नव्हती. दोष मोटरीतच होता. उस्तादांनी हातोडीच्या लाकडी दांड्याने स्टार्टरवर हलकेच टकटक केले, तेव्हा तो एकदा फिरला. “कार्बन ब्रश झिजलेत,” ते म्हणाले.

खोलण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढली. जाड तारेत सतत वीज असते, पाना चुकून बॉडीला लागला तर ठिणगी उडते. कोणती तार कुठली, हे कळावे म्हणून प्रत्येकीला रंगीत दोरा बांधला. स्टार्टर जड असतो, म्हणून शेवटचा बोल्ट काढताना त्याला खालून हाताचा आधार दिला.

नुसते ब्रश झिजले असते तर थोडक्यात भागले असते. पण बुशही झिजून आर्मेचर आत घासत होते. म्हणून दुरुस्त केलेला दुसरा स्टार्टर आणला. पिनियनचे दात आणि बोल्टची भोके जुन्याशी ताडून पाहिली. फ्लायव्हीलचे दात शाबूत होते. बसवायची जागा घासून स्वच्छ केली, कारण अर्थिंग तिथूनच मिळते. निगेटिव्ह तार सर्वांत शेवटी जोडली. जुनी बॅटरी तशीच ठेवली. तिचा पैसा वाचला.

“अब्बा, किल्ली तुम्हीच फिरवा,” आम्ही म्हणालो. त्यांचा हात थरथरत होता. पण पहिल्याच फेरीत इंजिन धडधडू लागले.

त्या शुक्रवारी अब्बा पद्मिनीतूनच जुम्याला गेले. मागच्या सीटवर धाकटे भाऊ बसले होते. भंगाराचे नाव त्यांनी पुन्हा काढलेले नाही.