दवंडी, भोंगा आणि भ्रमणध्वनी
आधुनिक संपर्कसाधने खरोखर आवश्यक आहेत, की ती माणसास माणसापासून तोडतात, असा प्रश्न वारंवार विचारला जातो. आवश्यकता आणि एकाकीपणा हे परस्परविरोधी पक्ष होत, असे गृहीत या मांडणीत दडलेले आहे. धाराशिव जिल्ह्याचा अनुभव पाहता ते टिकत नाही.

उमरगा तालुक्यातील जकेकूरवाडी या गावाने २०२२ साली रोज सायंकाळी सहा ते आठ या वेळेत दूरचित्रवाणी व भ्रमणध्वनी बंद ठेवण्याचा निर्णय घेतला. मुलांनी अभ्यास करावा, हा त्यामागील हेतू. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे सायंकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास ही साधने बंद ठेवण्याचा प्रघात पडला होता. २०२० च्या साथीत शाळा बंद झाल्या, तेव्हा याच भ्रमणध्वनीवाचून शिक्षण अडले होते. अडचण दूर करणारे साधनच पुढे अडचण ठरले.

याचा उलगडा भाषेच्या कार्यांत सापडतो. वार्ता पोचविणे हे एक कार्य. संबंध राखणे हे दुसरे. मानवशास्त्रज्ञ मालिनोव्स्की यांनी १९२३ साली या दुसऱ्या कार्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. ‘जेवण झाले का?’ या प्रश्नातून बहुधा माहिती मिळवावयाची नसते. नाते जागते आहे, एवढेच कळवावयाचे असते.

वार्तेच्या बाबतीत साधनांची आवश्यकता निर्विवाद आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने लातूर व तत्कालीन उस्मानाबाद या जिल्ह्यांत हजारो माणसे दगावली. सास्तूरसारखी गावे उद्ध्वस्त झाली. अशा वेळी वार्तेस लागणारा विलंब प्राणांशी निगडित असतो. संबंधांच्या बाबतीतही साधन नेहमी घातकच असते असे नाही. ऊसतोडीसाठी कित्येक महिने परमुलखी राहणाऱ्या मजुरास गावी ठेवलेल्या म्हाताऱ्या आईबापांचा आवाज त्याच्यामुळेच ऐकू येतो.

उलट, एकाकीपणास साधनाचीच गरज असते असेही नाही. भूकंपानंतर अनेक गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले. खेटून उभी असलेली घरे व अरुंद गल्ल्या जाऊन रुंद, सरळ रस्त्यांच्या वसाहती आल्या आणि शेजार लांबला. भारतात भ्रमणध्वनीची सेवा सुरू झाली ती १९९५ साली. खेड्यांत ती त्याहूनही उशिरा पोचली. अर्थात हे अंतर त्या यंत्राने पाडलेले नव्हते.

मग भ्रमणध्वनीने नेमके काय बदलले? दवंडी सर्वांनी एकाच वेळी ऐकावयाची असे आणि तिच्यावर पारावर लगेच चर्चा होई. वार्ता आणि संबंध ही दोन्ही कार्ये तेथे एकत्र नांदत. भ्रमणध्वनीची घंटा एकासाठीच वाजते. शेजारी बसलेला श्रोता त्या संवादातून वगळला जातो. दूरचा जवळ येतो तो बहुधा जवळच्याच्या वाट्यातून.

या दृष्टीने वडगावचा भोंगा अर्थपूर्ण ठरतो. तोही संपर्कसाधनच होय. मात्र दवंडीप्रमाणे तो अवघ्या गावास एकदम संबोधितो. तेव्हा विरोध यंत्र आणि माणूस यांच्यात नसून एकट्याने ऐकणे आणि मिळून ऐकणे यांच्यात आहे. तथापि दोन तासांची बंदी केवळ अवकाश निर्माण करते. त्या अवकाशात घरातील माणसे एकमेकांशी बोलतील की नाही, हे कोणताही भोंगा ठरवू शकत नाही.