जुन्या फोटोतला पैलवान कोण? पोस्टकार्डाची मागची बाजू बघा!

तालमीच्या भिंतीवर मारुतीच्या तसबिरीशेजारी लंगोटातल्या पैलवानाचा जुना फोटो असतो. कुस्ती कुठली, साल कोणतं, नाव काय, हे मात्र कुणालाच सांगता येत नाही. बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात घरात किंवा तालमीत असा फोटो असेल, तर त्याचा काळ ओळखता येतो. कसा? जाणून घ्या.

फोटो की पोस्टकार्ड?
विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अनेक स्टुडिओ फोटो थेट पोस्टकार्डाच्या कागदावर छापून देत. मागे पत्त्यासाठी ओळी आणि तिकिटासाठी चौकोन दिसला, तर ते फोटो-पोस्टकार्ड समजा.

साल कसं ओळखायचं?
● मागे मधोमध उभी रेष असेल, तर कार्ड १९०२ नंतरचं. एका बाजूला मजकूर, दुसऱ्या बाजूला पत्ता ही पद्धत ब्रिटननं त्या वर्षी सुरू केली.
● तिकीट असेल तर राजाचा चेहरा पाहा. सातवा एडवर्ड १९०२ पासून, पाचवा जॉर्ज १९११ पासून, सहावा जॉर्ज १९३७ पासून.
● टपालाचा शिक्का वाचता आला, तर गाव आणि तारीख दोन्ही मिळतात.

नावं का हरवतात?
अमेरिकेतही हेच झालं. तिथल्या सुरुवातीच्या फुटबॉलपटूंची फोटो-पोस्टकार्डं आज संग्राहकांकडे आहेत, पण अनेक चेहऱ्यांना नाव नाही. जर्सीवर नाव नसायचं आणि मागे कुणी लिहून ठेवलं नाही.

नोंद राहिली तर काय होतं?
१९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकचं उदाहरण घ्या. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धेत अनवाणी धावणारे खेळाडू पाहून सर दोराबजी टाटा यांनी पुढाकार घेतला आणि भारतीय संघ बेल्जियमला गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनमध्ये ते १९ वे आले. कोल्हापूरचे पैलवान रणधीर शिंदे फेदरवेट गटात कांस्यपदकाची कुस्ती ब्रिटनच्या फिलिप बर्नार्डकडून हरले आणि चौथे आले. खाशाबा जाधवांनी हेलसिंकीत कांस्यपदक मिळवलं, ते त्यानंतर ३२ वर्षांनी, १९५२ मध्ये.

शिंदे यांचं नाव आज फारसं कुणाला आठवत नाही. तरी ऑलिंपिकच्या निकालांत नोंद असल्यानं ते शोधता येतं. गावजत्रेच्या आखाड्यात कुस्त्या मारणाऱ्या पैलवानाची अशी नोंद कुठून असणार? त्याचा पुरावा म्हणजे तो फोटो आणि त्याला ओळखणारं घरातलं म्हातारं माणूस.

आता काय कराल?
● फोटोच्या दोन्ही बाजूंचे मोबाइलवर फोटो काढा. कडा कापू नका.
● काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका. लॅमिनेशनही नको.
● आजी-आजोबांना विचारून नाव, गाव, वस्ताद आणि सांगणाऱ्याचं नाव मागे मऊ पेन्सिलीनं हलक्या हातानं लिहा. बॉलपेन वापरू नका.
● व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे फोटोचा दर्जा घसरत नाही.

जुनं घर पाडताना अशा फ्रेमा अनेकदा भंगारात जातात. त्याआधी एकदा फोटो उलटून पाहा.